माती, विहिरीचं पाणी आणि जनावरांचा खुराक तपासून घ्यायचाय? इंदूरकडच्या मंडळींसाठी सगळं सविस्तर

आमचं शेत सिमरोलच्या पुढे आहे आणि राहायला आम्ही लोकमान्य नगरला. शेत दादा बघतो, पण तपासणीचं सगळं, म्हणजे नमुने भरणं, लॅबमध्ये पोचवणं, रिपोर्ट आणणं आणि तो वाचून दादाला समजावून सांगणं हे गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे नात्यातले, ओळखीचे सगळे मलाच विचारतात की कुठे द्यायचं, किती माती न्यायची, पाण्याची बाटली कोणती घ्यायची. प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी सुटतंच, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

सुरुवातीलाच एक सांगते, कारण आम्हाला ते कळायला एक अख्खा हंगाम घालवावा लागला. लॅबवाले तपासतात ती तुम्ही पिशवीत भरून नेलेली मुठभर माती, तुमचं शेत काही त्यांनी बघितलेलं नसतं. पहिल्यांदा बाबांनी माती काढली तेव्हा घरात रिकामं पडलेलं डीएपी खताचं पोतं होतं, त्यातच माती भरली आणि देऊन आले. रिपोर्ट आला, फॉस्फरस, म्हणजे स्फुरद, एकदम हाय, हेक्टरी साठ किलोच्या वर. बाबा खूश झाले, म्हणाले चला डीएपीचा खर्च वाचला, त्या वर्षी सोयाबीनला स्फुरद दिलंच नाही आणि पीक इतकं मरतुकडं राहिलं की शेजारच्या शेताकडे बघवत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात मी स्वच्छ कापडी पिशवीत माती नेली तर तोच आकडा आला 9. पोत्याच्या शिवणीत अडकलेले चार दाणे होते हो, बाकी काही नाही! लॅबची यात काडीची चूक नव्हती. तेव्हापासून माझं लक्ष लॅब कुठली यापेक्षा नमुना कसा काढला यावर जास्त असतं, आणि खाली पण तेच जास्त लिहिलंय.

मातीचा नमुना

वेळ म्हणाल तर गहू-हरभरा निघाला की लगेच, मार्च शेवट ते एप्रिल. मे महिन्यापर्यंत थांबू नका कारण आपली काळी माती मेमध्ये दगडासारखी होते, भेगा पडतात, वरची माती भेगेतून खाली जाते आणि मग नमुना खरा येत नाही, शिवाय जूनच्या तोंडावर लॅबमध्ये पिशव्यांचा ढीग लागतो आणि रिपोर्ट पेरणी झाल्यावर हातात पडतो. शेणखत टाकल्यावर किंवा युरिया वगैरे दिल्यावर लगेच माती काढायची नाही, निदान महिनाभर जाऊ द्या.

आता कुठून काढायची. बांधाजवळ नाही, झाडाखाली नाही, जिथे खताचा ढीग पडला होता तिथे नाही, पाटाच्या कडेला नाही, जनावरं बसतात तिथे नाही. उरलेल्या शेतात नागमोडी चालत जायचं आणि दहा ते पंधरा ठिकाणी थांबायचं. प्रत्येक ठिकाणी वरचा काडीकचरा हाताने बाजूला करायचा (माती खरवडून टाकायची नाही बरं का, फक्त कचरा), मग इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करायचा, साधारण सहा इंच, म्हणजे 15 सेंटीमीटर खोल. त्यातली निघालेली माती फेकून द्यायची! हे बरेच जण चुकतात, खड्ड्यातली मातीच भरून नेतात. आपल्याला हवा असतो खड्ड्याच्या उतरत्या भिंतीचा वरपासून खालपर्यंत एक इंच जाडीचा काप, जसा कलिंगडाचा काप काढतो तसा. असे दहा-पंधरा काप एका प्लास्टिकच्या टबात जमा करायचे.

टब प्लास्टिकचाच. जस्त चढवलेल्या बादलीत माती जमा केली आणि नंतर झिंक तपासायला दिलं तर ते झिंक बादलीचं येतं. गंजलेल्या खुरप्याने लोह वाढून येतं. स्टीलचं खुरपं नसेल तर टिकावाने, ज्याला आमचे गडी गैंती म्हणतात, खड्डा करा पण काप काढताना लोखंड लागलेला भाग लाकडाच्या पट्टीने खरवडून टाका.

मग ढेकळं फोडायची, खडे-मुळं काढायची, स्वच्छ कापडावर गोल पसरायची आणि बोटाने अधिकची खूण करून चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन भाग ठेवायचे, दोन टाकायचे, परत मिसळायचं, परत चार भाग, असं करत करत अर्धा किलो उरेपर्यंत. ओली असेल तर सावलीत वाळवायची, उन्हात नाही, चुलीजवळ तर अजिबात नाही. ज्या ओट्यावर कालच खताची पोती ठेवली होती तिथेपण नाही.

एक गोष्ट मी जीव तोडून सांगते, दोन जातीची माती एकत्र करू नका. आमच्या शेतात खालच्या अंगाला खोल काळी आहे आणि टेकडीकडे चढ लागला की मुरमाड, हलकी, पाणी न धरणारी. दोन्ही मिसळून एक नमुना दिला तर जो रिपोर्ट येईल तशी जमीन आमच्या शेतात कुठेच नाही. सरकारी सॉइल हेल्थ कार्डासाठी बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक असा नमुना घ्यायची पद्धत होती, म्हणजे त्या कार्डावरची माती तुमच्या शेजाऱ्याच्या शेतातलीपण असू शकते. कार्ड आहे म्हणून खूश राहू नका, आपला नमुना आपण द्या. संत्रा, पेरू, आंबा अशी बाग लावायची असेल तर मात्र सहा इंच खोलीने भागत नाही, तीन फुटापर्यंत खणून प्रत्येक फुटाची माती वेगळ्या पिशवीत.

पिशवीत चिठ्ठी टाकायची ती पेन्सिलने लिहिलेली. पेनची शाई ओलाव्याने पसरते आणि मग लॅबमधला माणूस नंबर ओळखू शकत नाही. चिठ्ठीवर नाव, गाव, तहसील, खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर), पाणी आहे की नाही, मागचं पीक कोणतं आणि पुढचं कोणतं घेणार. पुढचं पीक लिहाच, कारण खताची शिफारस त्यावरून येते. एक चिठ्ठी आत, एक बाहेर बांधलेली.

द्यायचं कुठे? कृषी विभागाची जिल्ह्याची मिट्टी परीक्षण प्रयोगशाळा आहे, तुमच्या भागातल्या आरएईओला, म्हणजे ग्रामीण कृषी विस्तार अधिकाऱ्याला विचारलं तर तो नमुना कसा आणि कुठे पोचवायचा ते सांगतो. खंडवा रोडला कस्तुरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र आहे, आम्हाला ते रस्त्यातच पडतं. आणि शहरातलं कृषी कॉलेज आहेच, जे आता ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाखाली येतं. हे तेच आवार जिथे 1924 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली आणि अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने काडीकचरा आणि शेणापासून कंपोस्ट करायची रीत बसवली, जी जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. मला तिथे गेलं की दरवेळी वाटतं, आपल्या गावाचं नाव जगात मातीमुळे गेलंय आणि आपणच माती तपासायचा कंटाळा करतो. असो. जायच्या आधी फोन करून विचारा की सध्या नमुने घेतायत का, सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासतायत का आणि फी किती, कारण हे बदलत असतं. नंबर नसेल तर किसान कॉल सेंटर 1800-180-1551, हिंदीत व्यवस्थित बोलतात.

रिपोर्ट कसा वाचायचा

कार्डावर बारा गोष्टी असतात: पीएच, ईसी (एकंदर क्षार), सेंद्रिय कर्ब, मग नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, आणि झिंक, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. सगळ्यांचा अर्थ इथे सांगत बसत नाही, आपल्या माळव्याच्या मातीत जे बघायचं तेवढंच सांगते.

पीएच 7.5 ते 8.5 आला तर घाबरू नका, काळ्या मातीचा तो असतोच. 8.5 च्या वर गेला की मात्र सोडियमचा संशय घ्यायचा आणि मग पाणीपण तपासायचं. ईसी 1 च्या आत असेल तर खारेपणाची काळजी नाही. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, 0.75 च्या वर म्हणजे चांगला, आणि हा आकडा मी सगळ्यात आधी बघते कारण बऱ्याच लॅबमध्ये नत्राचा आकडापण यावरूनच काढतात. स्फुरद हेक्टरी 10 किलोच्या खाली कमी, 25 च्या वर जास्त. पालाश आपल्याकडे बहुतेक वेळा भरपूर निघतो, तेव्हा दुकानदार म्हणतो म्हणून पोटॅशची पोती उचलायच्या आधी रिपोर्ट काढून बघा.

खरी मेख असते गंधक आणि झिंकमध्ये. गंधक 10 पीपीएमच्या (दहा लाखात दहा भाग) खाली असेल तर सोयाबीनला सरळ फटका बसतो, दाण्यात तेल आणि प्रोटीन बनायला गंधक लागतंच. डीएपीत गंधक अजिबात नसतं, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये अकरा-बारा टक्के असतं, म्हणून गंधक कमी आलं तर स्फुरद सुपरमधून द्या, दोन्ही कामं एका पोत्यात होतात. झिंकची रेघ 0.6 पीपीएम, त्याखाली आलं तर हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट, आणि ते दोन-तीन वर्षांतून एकदाच, दरवर्षी नाही. झिंक सल्फेट आणि डीएपी एकत्र कालवून टाकायचं नाही, दोघांचं मिळून असं काही बनतं की ते विरघळत नाही आणि दोन्हीचे पैसे जातात.

आकडे हेक्टरचे असतात. खसरा-बीवनमध्ये, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्यात, रकबा (क्षेत्रफळ) हेक्टरमध्येच लिहिलेला असतो तो घ्या, म्हणजे बिघ्याचा गोंधळ होत नाही. एकरात हवं तर अडीचने भागा.

विहिरीचं पाणी

पाणी घेऊन गेलात की पहिला प्रश्न विचारतील, कशासाठी? तो प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण शेताला देण्यासाठीचं पाणी तपासणं वेगळं आणि पिण्याचं वेगळं, टेस्टच वेगळ्या असतात. शेताला चांगलं निघालेलं पाणी लेकराच्या पोटाला चालेलच असं नाही.

शेतासाठी तीन आकडे मागा, ईसी, एसएआर आणि आरएससी. ईसी म्हणजे एकंदर क्षार, बाकीचे दोन सोडियम आणि सोड्याचे. काळ्या मातीला क्षारापेक्षा सोडियम जास्त मारतं, माती फुगते, भोकं बुजतात, पाणी वर साचून राहतं आणि वाळली की पापुद्रा धरते. आरएससी 1.25 च्या आत बिनधास्त वापरा, 2.5 च्या वर असेल तर कृषी विज्ञान केंद्रात जिप्समबद्दल बोलल्याशिवाय त्या पाण्यावर पुढे जाऊ नका. यासाठी नमुना सोपा आहे, मोटर दहा मिनिटं चालू द्यायची, मग लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा खळखळून धुवायची आणि काठोकाठ भरून घट्ट बूच. कोल्ड्रिंकची किंवा औषधाची जुनी बाटली नको.

पिण्याच्या पाण्यात मात्र दोन बाटल्या लागतात आणि दोन्हींचे नियम उलटे आहेत, तेवढं लक्षात ठेवा. रासायनिक टेस्टची बाटली वरच्यासारखीच, तीनदा धुवून. जंतूंच्या टेस्टची बाटली मात्र लॅबमधूनच आणायची, ती निर्जंतुक केलेली असते, ती धुवायची नाही, आत बोट लावायचं नाही, बूच जमिनीवर ठेवायचं नाही, भरायच्या क्षणापर्यंत उघडायचीच नाही. नळ असेल तर त्याचं तोंड आधी कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून जाळून घ्यायचं, दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि मग भरायचं, वर थोडी हवेला जागा ठेवून. उघडी विहीर असेल तर कडेचं, शेवाळाचं पाणी घेऊ नका, मधोमध आणि फूटभर खालून घ्या. मग थर्मोकोलच्या डब्यात बर्फ टाकून त्यात बाटली ठेवायची आणि शक्यतो सहा तासांच्या आत लॅबमध्ये. चोवीस तास झाले की तो नमुना गेलाच म्हणून समजा. म्हणून मी सकाळी साताला भरते आणि दहाच्या सुमारास हजर होते, आणि शनिवारी कधीच नेत नाही.

पीएचईची, म्हणजे लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाची जिल्ह्यात पाण्याची लॅब आहे, आणि जल जीवन मिशननंतर अशा लॅब सामान्य माणसालाही थोड्या फीमध्ये पाणी तपासून देतात. गावात राहत असाल तर आधी पंचायतीत विचारा, कारण त्याच मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. किटवर पीएच, कठीणपणा, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड यांचा अंदाज तिथेच उभ्या उभ्या कळतो. जंतूंसाठी एक छोटी बाटलीपण मिळते, पाणी भरून घरात ठेवायची, एक-दोन दिवसात काळी पडली तर पाण्यात घाण मिसळतेय. हे सगळे अंदाज आहेत, काही गडबड दिसली तर लॅबचा रिपोर्ट घ्याच.

आकड्यांचं म्हणाल तर भारतीय मानक आयएस 10500 मध्ये (सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅमचे) टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, 500 पर्यंत चांगला आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यायचा, कठीणपणा 200 आणि 600, फ्लोराईड 1 आणि फार तर 1.5. धार-झाबुआकडे फ्लोराईडने दात पिवळे पडलेले, गुडघे वाकलेले लोक आहेत, तेव्हा त्या बाजूला शेत असेल तर ही टेस्ट सोडू नका. नायट्रेट 45, आणि यात काहीही सवलत नाही. ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, 100 मिलीत एकसुद्धा नको.

नायट्रेटवर मला थोडं जास्त बोलायचंय. आमच्या विहिरीचं पाणी दिसायला इतकं नितळ होतं की तळातला दगड दिसायचा, चवीला गोड, आजोबांच्या वेळेपासून सगळे तेच पीत आलेले. वहिनीला बाळ झालं आणि ती महिनाभर शेतावर राहायला जाणार होती म्हणून मी नेऊन दिलं तर नायट्रेट आलं 92. पाणी पिऊन कुणाला कधी काही झालं नव्हतं, मोठ्यांना सहसा होतही नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध त्या पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू धरायची ताकद जाते आणि बाळ निळं पडायला लागतं. आणि सगळ्यात वाईट हे की वहिनी ते पाणी उकळूनच देणार होती. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही, उलट पाणी आटलं की तेवढ्याच पाण्यात ते जास्त होतं. ब्लीचिंगनेही जात नाही, गाळण्यानेही नाही. विहिरीपासून वीस पावलांवर आमचा उकिरडा होता, वरच्या अंगाला, आणि बाजूच्या तुकड्यात वर्षानुवर्षं बटाटा, ज्याला आपण युरिया ओततो. वेगळं कारण शोधायची गरजच नव्हती.

जंतू निघाले तर मात्र उपाय हातातला आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, पाण्याची खोली मोजा, व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 785 केलं की लिटर येतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण अठ्ठावीस हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे सत्तर ग्रॅम. पावडर सरळ विहिरीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, पाच-दहा मिनिटांत चुना खाली बसेल, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती दोरीने विहिरीत सोडून वरखाली हलवा आणि तासभर पाणी काढू नका. खालचा चुना विहिरीत गेला तर पाणी नुसतं कठीण होतं. पाणी खूप खराब असेल तर ही मात्रा पुरत नाही, म्हणून आठवड्याने परत जंतूंची टेस्ट करा. आणि विहिरीचा कठडा फुटलाय, पावसाचं पाणी थेट आत जातंय, तर आधी तो बांधा, नाहीतर दर पावसाळ्यात हेच.

वर्षातून दोनदा तपासा, एकदा मेमध्ये पाणी तळाला गेलेलं असताना आणि एकदा पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाल्यावर.

ढेप, दाणा, चारा

खुराक तपासायचा विचार लोक सगळ्यात शेवटी करतात, आणि दुधाच्या धंद्यात सगळ्यात जास्त पैसा जातो तिथेच. आमच्या दोन गायी आणि तीन म्हशी आहेत. मागे एकदा दूध कमी व्हायला लागलं, म्हशी दाण्याला तोंड लावून बाजूला व्हायच्या, आणि गडी सारखा म्हणायचा, "दीदी, खली में से बास आवे है." सरकीची ढेप, जिला इथे सगळे कपास्या खली म्हणतात, ती आम्ही एका नव्या व्यापाऱ्याकडून घेतली होती, रंग छान पिवळा, भाव थोडा कमी.

लॅबला देण्याआधी मी घरात एक टेस्ट केली ती तुम्हाला सांगते, कारण लागणारी वस्तू आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं एन्झाइम असतं, ते युरियाला फोडून अमोनिया बाहेर काढतं. कच्चे, न भाजलेले सोयाबीन मिक्सरमध्ये दळा. झाकणाच्या काचेच्या बरणीत दोन मोठे चमचे कुटलेली ढेप, एक चमचा ते सोयाबीनचं पीठ आणि कोमट पाणी घाला, पातळ पिठल्यासारखं करा, झाकण लावून अर्धा तास उबदार जागी ठेवा. दुसऱ्या बरणीत नुसतं सोयाबीनचं पीठ आणि पाणी, तुलनेसाठी. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी ओली करून झाकणाखाली लटकवा. आमच्या पहिल्या बरणीतली पट्टी पिवळ्याची लालसर तपकिरी झाली, आणि झाकण उघडल्याबरोबर नाकात असा झणका गेला की डोळ्यात पाणी आलं, अगदी सार्वजनिक मुतारीचा वास. दुसऱ्या बरणीची पट्टी पिवळीच.

युरिया का मिसळतात तेही समजून घ्या. लॅबमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे एक किलो युरिया कागदावर जवळजवळ तीन किलो प्रोटीन म्हणून दिसतो. क्विंटलला दोन किलो युरिया टाकला की रिपोर्टात प्रोटीन पाच-साडेपाच टक्क्यांनी वर जातं आणि जनावराच्या पोटात विष जातं. म्हणून लॅबला नुसतं "प्रोटीन बघा" सांगू नका, "प्रोटीन आणि युरिया दोन्ही" असं लिहून द्या. तयार पशुआहारात कधी कधी थोडा युरिया हिशेबाने घातलेला असतो, ते पोत्यावर वाचा, आणि असला आहार वासरांना घालू नका.

बाकी टेस्टमध्ये ओलावा, फॅट, क्रूड फायबर आणि रेती-सिलिका मागा. तयार पशुआहाराच्या मानकात टाइप वनला प्रोटीन कमीत कमी 22 टक्के, टाइप टूला 20, ओलावा 11 च्या आत. रेती घरीपण कळते, मूठभर खुराक ग्लासभर पाण्यात ढवळून ठेवा, तळाशी काय बसलं ते बोटात चोळून बघा. आणि भाव काढताना किलोचा काढू नका, प्रोटीनच्या किलोचा काढा. समजा एक ढेप 34 रुपये किलो आहे आणि प्रोटीन 20 टक्के, तर प्रोटीन पडलं 170 रुपये किलो, दुसरी 40 ला आहे पण प्रोटीन 28 टक्के तर 143 रुपये. महागडी दिसणारी स्वस्त निघते.

बुरशीची टेस्ट वेगळी, तिचं नाव अफ्लाटॉक्सिन. पावसाळ्यात भिजलेली मका, शेंगदाण्याची आणि सरकीची ढेप यांच्यात जास्त सापडतं, दिसत नाही, गरम करून जात नाही, आणि गायीने खाल्लं की दुधात उतरतं. दुधात त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. ही बुरशी सगळ्या पोत्यात सारखी नसते, एखाद्याच कोपऱ्यात गठ्ठ्याने असते, म्हणून वरची मूठ भरून नेण्यात अर्थ नाही. छावणी मंडीत धान्याच्या पोत्यात खुपसतात ती परखी मिळवा, दहा पोती असतील तर निदान पाच पोत्यांत वर, मधे, खाली खुपसून जमा करा, मिसळा, मातीसारखेच चार भाग करत एक किलोवर आणा. कोरडा खुराक कागदी किंवा कापडी पिशवीत न्या, प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि वाटेतच बुरशी वाढते. मुरघास किंवा हिरवा चारा मात्र उलट, प्लास्टिकमध्ये हवा दाबून काढून, बर्फात. अर्धा नमुना तारीख आणि बिलाची झेरॉक्स लावून घरी ठेवा, व्यापाऱ्याशी बोलायची वेळ आली तर तोच कामाला येतो, आमचे पैसे त्यामुळेच परत मिळाले.

नमुना कुठे? महूचं पशुवैद्यकीय कॉलेज, तिथे अ‍ॅनिमल न्यूट्रिशनचा विभाग आहे, आधी फोन करून जा. अफ्लाटॉक्सिनसारख्या टेस्टसाठी इंदुरात खाजगी लॅब आहेत, पण एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता बघूनच, आणि तीसुद्धा तुमच्याच टेस्टसाठी आहे का ते विचारून, कारण मान्यता टेस्टप्रमाणे असते. गुजरातेत आणंदला एनडीडीबीची, म्हणजे राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाची, काफ नावाची मोठी लॅबपण आहे.

ज्वारीचं एक राहिलं. पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली, किंवा कापल्यावर परत फुटलेली कोवळी ज्वारी यात सायनाइड असतं, लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत वाट बघायला जनावर उरत नाही. फुलोऱ्यावर येईपर्यंत घालूच नका. खाऊन जनावर धापा टाकायला लागलं, थरथरलं, तोंडातून फेस आला तर लगेच 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा, डॉक्टरांकडे त्याचं इंजेक्शन असतं. उरलेला चारा फेकू नका, पिशवीत बांधून त्यांना दाखवायला ठेवा.

हे सगळे रिपोर्ट मी एका फाइलमध्ये ठेवते आणि प्रत्येकावर नमुना कुठून काढला त्याचा हाताने नकाशा काढते, म्हणजे तीन वर्षांनी परत त्याच तुकड्यातून माती घेता येते. विहिरीचं म्हणाल तर उकिरडा आम्ही खालच्या अंगाला हलवला, पक्क्या खड्ड्यात, बटाट्याचा युरिया तीन हप्त्यांत वाटून द्यायला लागलो, आणि पिण्याचं पाणी घरून, शहरात नळाला येणारं नर्मदेचं, नेतो. मागच्या पावसानंतर नायट्रेट 71 होतं. मेमधली बाटली भरायची अजून बाकी आहे.